नीळकंठशास्त्री गोरे यांनी दिलेली कारणे

झाशीजवळच्या काशीपुरा गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी एका चित्पावन घरात नीळकंठ शिवराम गोरे यांचा जन्म झाला. न्याय आणि व्याकरण या शास्त्रांत तयार झालेला हा तरुण पंडित तेविसाव्या वर्षी ख्रिस्ती झाला. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे या नावाने तो पुढची सत्तेचाळीस वर्षे वाद घालत, लिहीत, शंका घेत जगला आणि २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारला. ख्रिस्ती धर्म का स्वीकारावा, याची कारणे इतक्या कसोशीने मांडणारा दुसरा मराठी माणूस सापडणे कठीण. झाशीच्या सीपरी बाजारातल्या या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आज त्यांच्याविषयी बोलायचे ते त्यांची आरती ओवाळण्यासाठी नाही, आणि त्यांना पुन्हा एकदा वाळीत टाकण्यासाठीही नाही. त्यांनी कारणे दिली होती. ती नीट ऐकून घेण्याचे काम आपल्याकडून राहून गेले आहे.

काशीपुऱ्यात कोकणस्थ घर कसे, असा प्रश्न झाशीकर मराठी माणसाला पडणार नाही. छत्रसालाने बाजीरावाला बुंदेलखंडातला वाटा दिला, नारोशंकरांनी झाशी वसवली आणि वाढवली, पुढे नेवाळकर आले. त्यांच्यामागून कारकून, भटजी, वैद्य, शागीर्द आले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने निघाले आणि पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले, तेही याच वाटेवरचे. गोऱ्यांच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी बांद्याच्या नवाबाची चाकरी केली होती. हा नवाब बाजीराव-मस्तानीच्या वंशातला. तिथे मिळवलेले घेऊन घराणे काशीला जाऊन राहिले. गंगेच्या घाटांवरची ती मराठी वस्ती मोठी आणि मानाची होती. मोरोपंत तांब्यांची मनू याच काशीत जन्मली आणि लक्ष्मीबाई होऊन झाशीत आली. नीळकंठ झाशीच्या बाजूला जन्मला आणि काशीत वाढला.

धर्म बदललेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दोन-तीन उत्तरे तयार असतात. पोटासाठी गेला, नोकरीसाठी गेला, नाहीतर साहेबाच्या नादाने बाटला. नीळकंठशास्त्र्यांना यातले एकही लागू पडत नाही. घर खाऊन-पिऊन सुखी, विद्येला काशीत मान. ख्रिस्ती होऊन त्यांच्या हाती आले ते नातलगांचे तुटणे, पंक्तीतून उठणे आणि मिशनचे तुटपुंजे वेतन. शिवाय ते मिशनऱ्यांकडे पहिल्यांदा गेले ते त्यांना हरवायला.

जॉन म्यूर हा कंपनी सरकारचा स्कॉटिश अधिकारी संस्कृतात उत्तम लिहीत असे. १८३९ साली त्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ काढला. खरा धर्म ओळखायचा कसा, तर संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य आणि सर्व मनुष्यजातीला तो धर्म खुला असणे, या तीन कसोट्या त्याने पुढे ठेवल्या. कसोट्या आपणच बसवायच्या आणि आपलाच धर्म त्यांना उतरवायचा, हे पंडितांच्या ध्यानात आल्यावाचून कसे राहील? एकामागून एक तीन उत्तरे आली. पहिले सोमनाथ या नावाने, दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे आणि तिसरे, सगळ्यांत तोलामोलाचे, अवघ्या विशीतल्या नीळकंठ गोऱ्यांचे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे त्याचे नाव. तो १८४४-४५ च्या सुमारास लिहिला गेला. म्यूर तेव्हा बनारसलाच संस्कृत पाठशाळेचा मुख्याध्यापक म्हणून आला होता. एकाच शहरात दोघे संस्कृत पंडित, एक स्कॉटलंडचा, एक कोकणातून बुंदेलखंडात आणि तिथून काशीत उतरलेल्या घराण्यातला. आपल्या धर्मवादांच्या इतिहासात अशी बरोबरीची जोडी क्वचितच जमली.

त्या उत्तरात शास्त्र्यांनी काय म्हटले, हे इथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे आयुष्य त्यातून निघते. पहिला मुद्दा असा की धर्माच्या बाबतीत श्रद्धा आधी, तर्क मागून. शास्त्राचा आधार सोडलेला तर्क वाटेल तिथे नेतो. दुसरा मुद्दा अधिक धारदार होता. जीव या जन्मातच प्रथम निर्माण होतो, पूर्वजन्म नाही, असे ख्रिस्ती लोक म्हणतात. मग एक मूल आंधळे का जन्मते? एकाला राजवाडा आणि दुसऱ्याला उकिरडा का? ज्याने अजून काहीच केले नाही त्याच्या वाट्याला दुःख देणारा देव न्यायी कसा? जनावरांचे दुःख कोणत्या पापाचे? आणि साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला कधीही न संपणारा नरक ही कोणती दंडनीती? कर्मसिद्धांताला या प्रश्नांची उत्तरे देता येतात, ख्रिस्ती मताला देता येत नाहीत, असा त्यांचा निकाल होता.

हे आक्षेप भाबडे नव्हते. यांतला पहिला प्रश्न तर नव्या करारातच विचारलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो, हिशेब न मांडता त्या माणसाला दृष्टी देतो. काशीच्या नैयायिकाचे या उत्तराने समाधान होणे अवघड. हिशेब लागला पाहिजे, ही त्याच्या विद्येची शिस्तच होती.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ बनारसला होते. शास्त्री त्यांच्याकडे वाद करायला जात आणि येताना पुस्तके घेऊन येत. एकीकडे ख्रिस्ती ग्रंथ तपासायचे, दुसरीकडे तीच कसोटी स्वतःच्या शास्त्रांना लावायची, असे चालले. हा मधला काळ तळमळीचा होता. घरच्यांचा विरोध, मनाची ओढाताण, पुढे टाकलेले पाऊल मागे घेणे, सगळे झाले. अखेर काशीत गडबड नको म्हणून जौनपूरला जाऊन १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्मिथ यांनी या साऱ्या घडामोडीवर १८५० मध्ये ‘द्विज’ या नावाचे इंग्रजी पुस्तकच लिहिले.

घरच्यांनी काय सोसले, तेही नोंदवले पाहिजे. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या. ११ सप्टेंबर १८५३ रोजी मुलगी झाली, आणि ती तान्ही असतानाच आई गेली. ती मुलगी म्हणजे एलन लक्ष्मी गोरे. परक्या माणसांच्या घरात ती वाढली, इंग्लंडला गेली, १८८० मध्ये परत आली आणि आयुष्यभर उत्तर हिंदुस्थानात बायका-मुलांची आणि आजाऱ्यांची सेवा करत राहिली. तिने लिहिलेले एक इंग्रजी भक्तिगीत आजही जगभरच्या चर्चमध्ये गायले जाते. बापाच्या निर्णयाची किंमत लेकीने मोजली, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढता येणार नाही. निर्णय प्रामाणिक असला म्हणजे त्याची झळ इतरांना बसत नाही, असे कुठे असते?

१८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंह इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांचे पंडित म्हणून नीळकंठशास्त्री बरोबर गेले. दुलीपसिंह तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. राज्य गेलेले, आईपासून तोडलेले, इंग्रज पालकाच्या देखरेखीखाली असताना आदल्या वर्षी बाप्तिस्मा झालेला. एकाच प्रवासाला निघालेले हे दोन नवख्रिस्ती. पुढे १८८६ मध्ये दुलीपसिंह पुन्हा शीख झाले. नीळकंठशास्त्री शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले. सत्तेच्या सावलीत वाढलेल्या मुलाचे धर्मांतर आणि स्वतःशी भांडून केलेले धर्मांतर एकाच शब्दाने ओळखले जाते, पण त्यांची जात निराळी आहे.

इंग्लंडने शास्त्र्यांची निराशाच केली. मॅक्स म्यूलरने त्यांच्या भेटीच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ग्रंथात वाचलेला ख्रिस्ती धर्म त्या देशातल्या माणसांच्या वागण्यात त्यांना दिसेना, आणि त्याने ते फार खिन्न झाले होते. साहेबाच्या वैभवाला भुलून बाटला, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते? वैभव डोळ्यांनी पाहून ते खट्टू झाले, तरी परत येऊन त्याच धर्माचे काम करू लागले. म्हणजे त्यांची कारणे त्या वैभवात नव्हती.

ती कारणे १८६० मध्ये ग्रंथरूपाने आली. ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ त्यांनी लिहिला आणि दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडिताने तो इंग्रजीत आणला. सहाही दर्शने एकेक करून तपासलेली आहेत. वेदांतावर त्यांचा मुख्य आक्षेप असा की पाप आणि पुण्य केवळ व्यवहारापुरती खरी ठरली, तर पापाची बोचच बोथट होते. जो स्वतःच ब्रह्म आहे त्याने क्षमा कोणाकडे मागायची? न्यायदर्शनाने ईश्वर मानला, पण परमाणू आणि जीव त्याच्या बरोबरीने अनादी ठेवले. मग तो सर्वस्वाचा कर्ता कसा, तो तर असलेल्या सामानातून घर बांधणारा गवंडी झाला. आणि पूर्वजन्मीच्या ज्या कर्माची आठवणच नाही त्याची शिक्षा भोगून माणूस सुधारणार कसा? पंधरा वर्षांपूर्वी ज्या कर्मसिद्धांताच्या बळावर त्यांनी म्यूरला गाठले होते, त्याच्यावरच ते आता उलटले होते.

या टीकेला वेदांत्यांकडे उत्तरे आहेत आणि ती कमकुवत नाहीत. व्यवहारात पाप खरे आहे एवढे अद्वैतालाही पुरेसे असते. शंकराचार्यांनी कोणाला दुराचाराची मुभा दिलेली नाही. शास्त्र्यांनी प्रतिपक्षाला कधीकधी त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी गाठले आहे, असेही वाटते. पण त्यांचे मूळ कारण हेत्वाभासांच्या यादीत सापडणार नाही. आपण केलेल्या दोषाला कोणीतरी ऐकणारा, रागावणारा आणि क्षमा करणारा हवा, ही त्यांची आर्त गरज होती. निर्गुणापाशी ती भागेना. भक्तिमार्गाची तहान त्यांना घरातूनच लागलेली होती. घराणे शैव असून तरुणपणी ते विष्णुभक्तीकडे वळले होते. पुढे ते स्वतः सांगत की अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता या ज्या गोष्टी हिंदूंना आधीच ठाऊक आहेत, त्यांनीच आपली मनोभूमी ख्रिस्तासाठी तयार केली. हिंदू संस्कार पुसून टाकल्यावर माणूस ख्रिस्ती होतो, असे ते मानत नव्हते.

१८६८ मध्ये डीकन आणि १८७० मध्ये पाळक म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. याच सुमारास ते चर्चच्या परंपरेला आणि संस्कारांना मोठे मानणाऱ्या पंथाकडे झुकले आणि कौली फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले. मात्र अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. प्रत्येकाने एकट्याने ग्रंथ वाचून सत्य ठरवायचे म्हटले तर सत्ये माणसांइतकी होतील, म्हणून परंपरेचा अधिकार हवा, असे ते म्हणू लागले. म्यूरला दिलेले उत्तर आठवा: श्रद्धा आधी, तर्क मागून. काशीचा पंडित इतक्या लांबच्या वळणाने पुन्हा त्याच जागी आला होता, फक्त शास्त्र बदलले होते. इंग्लंडात अँग्लिकन धर्मगुरू न्यूमन ज्या प्रश्नाने १८४५ मध्ये रोमन कॅथलिक चर्चकडे गेले, तोच हा प्रश्न.

इंदूर, महू, चांदा, पुणे, मुंबई अशी त्यांची फिरती राहिली. पुण्यात पंचहौद मिशन हे त्यांचे ठिकाण. मराठी वाचकाला ते नाव १८९० च्या चहा प्रकरणामुळे ठाऊक आहे. तिथल्या एका पेल्यापायी टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झाले. ज्या आवारात चहा घेणे हे एवढे मोठे पातक होते, तिथे एक चित्पावन शास्त्री ख्रिस्ती होऊन वावरत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे पुणेकरांच्या मनात त्यांच्याविषयी काय असेल याची कल्पना येते.

त्यांचा तिथला मुख्य वाद प्रार्थनासमाजाशी होता. एकच, दयाळू, पापक्षमा करणारा देव मनुष्याला आपल्या बुद्धीनेच कळतो, असे समाजिस्ट म्हणत. शास्त्री म्हणत की हा देव तुम्ही बायबलातून घेतला आहे. घेतलाच आहे तर ज्याने तो दाखवला त्यालाही घ्या. १८७५ मध्ये मुंबई-पुण्याच्या या मंडळींपुढे त्यांनी केलेली चार व्याख्याने पुढे छापली गेली.

याच वादाच्या कक्षेत १८८२ मध्ये पंडिता रमाबाई आल्या. पुराणांवर आणि संस्कृतावर प्रभुत्व, वैधव्य, कडेवर मनोरमा, पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना. रमाबाईंना मिशनऱ्यांचे उपदेश पुरेसे वाटत नव्हते. शास्त्र्यांशी मात्र त्यांना पंडितासारखे बोलता आले. त्या इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या संघाकडे, गेल्यावर शास्त्र्यांचे एक लेखन त्यांच्यापर्यंत पोचले. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, हाच त्याचा विषय. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि आपले मन फिरवण्याचे श्रेय त्यांनी फादर गोऱ्यांना दिले.

तरी रमाबाईंचे स्वतःचे कारण वेगळे होते, आणि ते अधिक जवळून पाहण्याजोगे आहे. लंडनच्या फुलम भागात भगिनींचे एक घर होते. ज्या बायकांना समाजाने पतित म्हणून टाकले, त्यांना तिथे ठेवून घेत, काम शिकवत, मायेने वागवत. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. या बायकांसाठी तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि तिच्याजवळ पाणी मागून तिच्याशी धर्माचे बोलणारा येशू. शास्त्रांनी स्त्रियांना आणि शूद्रांना जे नाकारले होते, ते इथे दिले जात होते. काशीच्या नैयायिकाला प्रमाण पाहिजे होते, रमाबाईंना असे घर. चर्चमध्ये आल्यावरही रमाबाई वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी सिद्धांतांवरून पत्रांतून भांडतच राहिल्या. आपली सद्सद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही.

प्रत्येकाचे कारण निराळे. बेळगावचे बाबा पद्मनजी परमहंस मंडळीच्या सुधारणेतून गेले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र याच शोधाचा वृत्तान्त आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवले. तिथे आलेल्या मांग कुटुंबांना कोणत्या दर्शनाचे खंडन वाचायला मिळाले असेल? माणूस म्हणून उभे राहता येते, हे त्यांचे कारण होते. शिकलेल्यांच्या कारणापेक्षा ते हलके समजण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

इथे झाशीत तर आणखी एक प्रकार दिसतो. सेंट ज्यूडच्या तीर्थस्थानी २८ ऑक्टोबरला जत्रा भरते. मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत हिंदू बायाबापड्याही असतात. सगळे उपाय थकले म्हणजे हा संत पावतो, अशी श्रद्धा आहे. त्यांना धर्म बदलायचा नसतो, मुलाचा ताप उतरलेला हवा असतो.

शास्त्र्यांचे प्रश्न मात्र मेणबत्तीने शमणारे नव्हते. त्यांचे चरित्रकार गार्डनर यांनी १९०० साली लिहिलेल्या चरित्रात जे आले आहे, ते मिशनच्या प्रचारपत्रकात सहसा येत नाही. शास्त्र्यांना आयुष्यभर शंकांनी छळले. अनंत नरकाचा प्रश्न, जो त्यांनी विशीत म्यूरपुढे टाकला होता, त्याने म्हातारपणीही त्यांना सोडले नाही. मिशनऱ्यांनी दिलेली उत्तरे त्यांनी तपासली, स्वतः नवी शोधली, आणि तरी मन पुन्हा पुन्हा तिथे अडखळत राहिले. सगळ्या शंका फिटल्या म्हणून ते ख्रिस्ती राहिले असे नाही. ख्रिस्ताच्या ठायी जे सापडले ते न फिटलेल्या शंकांपेक्षा जड भरले, म्हणून राहिले. ही कबुली देणारा माणूस जास्त विश्वासार्ह वाटतो.

हे सगळे आज उत्तर प्रदेशात बोलताना कायद्याचा उल्लेख टाळता येत नाही. २०२१ च्या अधिनियमानुसार धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे असते. बळजबरी, फसवणूक, आमिष यांचा शोध सरकारने जरूर घ्यावा. दुलीपसिंहांची गोष्ट तशा शोधाची गरजच सांगते. पण नीळकंठशास्त्र्यांना ठरवायला कित्येक वर्षे लागली, मध्ये ते कचरले, मागे फिरले, पुन्हा गेले. असला मनाचा प्रवास अर्जाच्या रकान्यात मावत नाही, आणि तो तिथे मांडायला लावणे हा माणसाच्या अंतःकरणावरचा अतिक्रम आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, ते याच प्रवासासाठी.

आता एक काम. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ १९५१ मध्ये उज्जैनला सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादून छापला. जो ग्रंथ लेखकाने पुढे स्वतःच टाकून दिला, तो एका मराठी पंडिताने शंभर वर्षांनी जपला, ही विद्येची मोठी सचोटी. आता हा ग्रंथ आणि ‘षड्दर्शनदर्पण’ एकत्र मराठीत यायला हवेत: डाव्या पानावर विशीतल्या नीळकंठाचा आक्षेप, उजव्या पानावर पस्तिशीतल्या नेहेम्याचे उत्तर, आणि खाली वेदांत्यांचे प्रत्युत्तर, तेही तितक्याच ताकदीच्या माणसाने लिहिलेले. संस्कृत जाणणारे, हिंदी रोजची आणि मराठी घरची असलेले लोक झाशीत आहेत. ज्या मुलखात शास्त्री जन्मले तिथूनच हे काम सुरू व्हावे, आणि या व्याख्यानमालेने पुढच्या वर्षीपर्यंत त्यासाठी दोन-तीन अभ्यासकांची एक समिती नेमावी, अशी विनंती आहे.